आपली माहिती आपण कधी लिहिणार?

धाकटीचं बी.ए. झालं, अलहम्दुलिल्लाह. पेढे वाटले आणि त्याच रात्री घरात वाद झाला. "अब्बा, मला समाजशास्त्रात एम.ए. करायचंय," ती म्हणाली. माझे थोरले बंधू लगेच म्हणाले, "त्यापेक्षा बी.एड. कर. समाजशास्त्र शिकून पोट भरतं का?" खरं सांगतो, मीही मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. भिवंडीत लूमच्या धंद्याची अवस्था कोणाला ठाऊक नाही? शिकलेल्या मुलीला काम मिळालं पाहिजे, एवढाच माझा हिशेब होता.

तेव्हा मला दुसऱ्या वर्षाची गोष्ट आठवली. कॉलेजने तिला मोहल्ल्यातल्या दहा घरांची पाहणी करायला सांगितलं होतं. तिने सुरुवात आपल्या दादीपासून केली. शिक्षण? चौथी. पुढचा रकाना भरायच्या आधी तिने विचारलं, "दादी, तू शाळा का सोडलीस?" माझ्या अम्मीला हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. अम्मी म्हणाली, "घरात कोणी अडवलं नाही गं. पुढची शाळा लांब होती, सोबत जायला कोणी नव्हतं."

बाहेरचा माणूस मात्र सरळ लिहून मोकळा होतो, की मुसलमान मुलींना शिकवत नाहीत. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने असे कितीतरी समज खोडून काढले. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम 3-4 टक्के मदरशात जातात, हे त्यातूनच देशाला कळलं. कोणीतरी नीट मोजलं म्हणून कळलं.

आपल्या भिवंडीचंच पाहा. जुने कोकणी, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर, यूपी-बिहारचे कारागीर, हे सगळे फॉर्मवर फक्त 'मुस्लिम'. लूम कोणाचे आणि त्यावर बारा तास उभा कोण, हे त्यातून कळत नाही. आणि आपलं गाव बाहेर ओळखलं जातं ते 1970 आणि 1984 च्या दंगलींमुळे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यार्थ्यांनी हेच दुखणं घेऊन 1968-69 मध्ये कित्येक महिने संप केला. आमच्या लोकांचा इतिहास आम्हाला शिकवा, ही त्यांची मागणी होती. त्यातून 'एथनिक स्टडीज'चं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. आपल्याकडे हाच अभ्यास समाजशास्त्र, मानववंशशास्त्र किंवा सामाजिक वंचिततेच्या अभ्यासक्रमांतून होतो. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग 1919 पासून आहे. देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, दिल्लीत जामिया मिल्लिया आहे.

आता पोटाचं. एम.ए.नंतर नेट किंवा सेट पास झाल्यास कॉलेजात प्राध्यापकीसाठी अर्ज करता येतो. नेटमधून जेआरएफ मिळाली, तर पीएच.डी. करताना सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात. पाहणी करणाऱ्या संस्था, सामाजिक संघटना, कंपन्यांचे सीएसआर विभाग, पत्रकारिता, इथेही कामं आहेत. यूपीएससीला समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे दोन्ही वैकल्पिक विषय आहेत. पण आईबापांनी दुसरी बाजूही ऐकावी. सुरुवातीचा पगार थोडा असतो, प्राध्यापकाची कायम जागा मिळायला वर्षं जातात आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली. त्यामुळे नेटची तयारी एम.ए.च्या पहिल्या वर्षापासूनच हवी.

हे सगळं मी थोरल्या बंधूंना सांगितलं. ते म्हणाले, "आणि निकाहाचं?" उत्तर अम्मीने दिलं. "निकाह होईल, इन्शाअल्लाह. मला सोबत जायला कोणी नव्हतं. हिच्या सोबत तुम्ही दोघे आहात ना?"

बंधू गप्प झाले. फॉर्म भरायच्या दिवशी फीचे निम्मे पैसे त्यांनीच आणून दिले.