टवका

जुन्या गोट्या जमवणारा माणूस गोटी हातात आली की आधी तिच्यावरचा वण शोधतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लाउशा गावचे कारागीर रंगीत धाग्यांची काचकांडी तापवून पिळत आणि १८४६च्या सुमारास निघालेल्या खास कात्रीनं तिचा एकेक गोळा कापून घेत. कापल्या जागी खरखरीत खूण उरायची. पुढं अमेरिकेतल्या अॅक्रनच्या मार्टिन क्रिस्टेन्सनला गोळे घडवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं, १९०५ साली. फिरत्या चाकांच्या खाचांत काच गरगरली, वण गेला, गोट्या स्वस्त झाल्या. म्हणून आज वणवालीला मान.

त्याच बाजारात टवका उडालेल्या गोटीची किंमत मात्र धाडकन उतरते. घडवणाऱ्याची खूण चालते, खेळणाऱ्याची नाही. हा न्याय काही माझ्या गळी उतरत नाही.

सोलापुरात न टवकलेली गोटी म्हणजे न खेळलेली गोटी. इथली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की गल खणायची वेगळी गरजच नसे. नेम चुकला की गोटी भेगेत, आणि मग काडी घालून उकरण्यावरून मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत भांडण. मागं हातमागांचा खटका चालूच. हरलेल्यानं कोपरानं गोटी ढकलत न्यायची, त्यात कोपराची सालटी निघायची. सालटी भरून यायची, काच भरून येत नाही.

माझ्याकडच्या बहुतेक गोट्या साध्याच. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर घेतलेल्या, आत तीन रंगीत पाकळ्यांच्या. पण लाडकी आहे ती सोड्याच्या बाटलीतली, फिकट हिरवी, आत नक्षी नाही की पाकळी नाही. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाच्या १८७२ सालच्या पेटंटमधली ही बाटली: उलटी धरून भरायची, सुलटी केली की आतला वायूच गोटीला गळ्यातल्या रबरी कड्यावर दाबून धरतो. अंगठ्यानं दाबलं की फस्स! माझ्या गोटीवर एका बाजूला टवका आहे. उजेडात तिरकी धरली की त्यात शिंपल्यासारखी बारीक वलयं दिसतात, घाव जिथं बसला तिथून पसरत गेलेली. हा घाव बाटलीतला नव्हे, मैदानावरचा. कुणाच्या तरी नेमाचा. लाउशाच्या कारागिराइतकाच तोही हात मला मोलाचा वाटतो. संग्राहक मित्र हसतात, हसू देत.

आता ही बाटली जरा शोधावीच लागते. एका गाडीवाल्याला सांगून ठेवलंय, फुटली एखादी तर आतली गोटी माझ्यासाठी ठेव. तो म्हणतो, “फुटायची वाट कशाला बघताय साहेब, बाटलीचे पैसे टाका की, आत्ता फोडून देतो.”