कुंडींतील ब्रह्मकमळ

आपल्याकडे पुष्कळ घरीं कुंडींत ज्यास ब्रह्मकमळ म्हणतात, तें कमळ नव्हे व हिमालयांतील ब्रह्मकमळही नव्हे. हिमालयांतील वनस्पति सूर्यफुलाच्या कुळांतली. आपली ही मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील निवडुंगाची जात होय. जीं पानें भासतात, ते तिचे चपटे दांडेच. कळी निघते ती त्यांच्या कांठच्या खांचेंतून, हीच तिची ओळख.

असा वीतभर दांडा भुसभुशीत मातींत लावावा, पाणी बेतानें घालावें, भर दुपारचें ऊन टाळावें. फुलास कांहीं वर्षें वाट पाहावी लागते; आणि रात्रीं उमललेलें तें शुभ्र, सुवासिक फूल सकाळीं कोमेजून जातें! म्हणूनच घरचीं वडील मंडळी त्यापुढें निरांजन लावून जागतात. शाळेंत शिकणाऱ्या आम्हीं त्यांस ‘हें खोटें’ म्हणावें काय? आम्हांस वाटतें, खरी ओळख नम्रपणें सांगावी. निरांजन मात्र विझवूं नये.