मुस्तफा रिटर्न्स, व्हाया हातखंबा

मुंबईहून गोव्याकडे निघालात की हातखंब्याचा तिठा चुकत नाही. उजवीकडचा रस्ता रत्नागिरीला, सरळ गेलात तर पाली. बहुतेक मंडळी इथे एक चहा मारतात आणि सुटतात. मी मात्र गेल्या गणपतीआधी चक्क चार दिवस मुक्काम ठोकला. कारण? मामाच्या पडवीतलं एक बंद खोकं.

खोकं म्हणजे आर्केड मशीन. मामाच्या टपरीत ते असायचं आणि त्यात 'मुस्तफा'. आठवलं ना? खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा 1993 चा गेम. पण आपल्या पोरांनी त्यातल्या टोपीवाल्या हिरोवरून परस्पर बारसं उरकलं. पुढे हायवे रुंद झाला, टपरी उठली, पिक्चर ट्यूब गेली, बोर्ड गंजला. तरी मामाने मशीन भंगारात दिलं नाही. "काय गो, पुण्यात कॉम्प्युटरवर बसतेस ना? गणपतीत पोरं येतील, चालू कर बघू." झालं. अंगावर आलं.

बोर्डाच्या जागी छोटा कॉम्प्युटर बसवायचा आणि त्याला जुन्या मशीनचं सोंग घ्यायला लावायचं, यालाच एम्युलेशन म्हणतात. 1997 मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने 'मेम' सुरू केलं, तेव्हापासून हा उद्योग जोरात आहे. पॅक-मॅनच्या मशीनमधला प्रोसेसर जेमतेम 3 मेगाहर्ट्झचा. त्याची नक्कल करायला मूळच्यापेक्षा कितीतरी जास्त ताकद लागते हे खरं, पण मुस्तफापर्यंतचे गेम आजचा हातभर स्वस्त डबासुद्धा आरामात ओढतो.

म्हणून मी आधी पुण्यातूनच एन100 चिपचा मिनी पीसी उचलणार होते. चिप कागदावर 6 वॅटची, पण अख्खा डबा कामाला लागला की वीसच्या घरात जातो. शिवाय त्यात पंखा. मामाने फोनवरच निकाल लावला, "पंखा नको. लाल माती खाऊन मरेल तो." बरोबर होतं. हायवेचा धुरळा आणि वर पावसाळ्याची ओल! रास्पबेरी पाय 5 (2023) चपळ आहे, पण गरम होतो, त्यालाही बहुतेक वेळा पंखा लागतोच. शेवटी 2019 चा पाय 4 घेतला. अॅल्युमिनियमचा डबा हीच त्याची थंडाई. खेळताना पाच-सहा वॅट, बस्स.

वॅटचा एवढा काथ्याकूट कशाला? पावसात इथे वीज जाते आणि मग घर इन्व्हर्टरवर. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-अवर. त्यातली निम्मीच हाती लागते असं धरा. पाय आणि एलसीडी मॉनिटर मिळून पंचवीसेक वॅट, म्हणजे छत्तीस तास. पंखे, दिवे आणि आजीची सीरियल धरून संध्याकाळ निघते. जुना डेस्कटॉप लावला असता तर मामीने मला पुण्याला पार्सल केलं असतं.

खरी गंमत वेगळीच झाली. दुसऱ्या दिवशी वीज गेली, इन्व्हर्टरने घेईपर्यंत पाय बंद पडला आणि मेमरी कार्डावरची सिस्टिम बिघडली. अख्खी संध्याकाळ पुन्हा तेच! मग कार्ड 'फक्त वाचा' अशा मोडवर टाकलं. हाय स्कोअर साठत नाहीत, पण आता कितीही वेळा वीज जाऊ दे, दरवेळी ताजंतवानं उठतं. कोकणात कुणी असला प्रकार करणार असेल तर हे आधी करा, प्रोसेसरची चर्चा नंतर.

आणि हो, एम्युलेटर कायदेशीर असला तरी गेमच्या फाइलींवर कंपनीचा हक्क आहे. मुस्तफा कॅपकॉमच्या 2018 च्या मारामारी-गेम्सच्या संचातही नव्हता, विकत घ्यावा तर कुठून? याबाबत मी साळसूदपणाचा आव आणत नाही.

जॉयस्टिक जुनीच, फक्त यूएसबीचं छोटं सर्किट मध्ये. चौथ्या संध्याकाळी स्क्रीन उजळला. नाणं टाकल्याचा सिग्नल मी एका बटणाला जोडला होता, फुकट खेळा म्हणून. मामाने बटण दाबून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि आत जाऊन डालड्याचा डबा घेऊन आला. डब्यात टपरीतली पितळी टोकनं.

"स्लॉट चालव गो. फुकट दिलं तर पोरं उठायची नाहीत."

मी परत स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले.