तहानेची बाग

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाच्या आसपास गॅलरीतली बाग कशी असावी हे हौस ठरवत नाही, नळ ठरवतो. पैठणच्या जायकवाडीतून उचललेलं पाणी आमच्यापर्यंत चढत येतं, पण रोज येत नाही. आलं की पहिला मान पिंपांचा, मग टाकीचा, मग बादल्यांचा. मोगरा आणि जास्वंद रांगेत मागे उभे. वैशाखात त्यांनी माना टाकल्या की जीव तुटतो, पण धुणं-भांडी सोडून कुंडीत पाणी कोण ओतणार? हळूहळू गॅलरीत तीच झाडं उरतात ज्यांनी आपली टाकी स्वतःच्या अंगातच बांधून घेतली आहे. ऑफिस टाइम, पानफुटी, कलांचो, ब्रह्मकमळ.

यातलं एकही मी विकत आणलेलं नाही. सगळी कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीतून तुटून आली. उस्मानपुऱ्यातल्या एका काकूंकडे चहाला गेलं की निघताना हातात वर्तमानपत्राची पुडी येतेच. “ने गं, दोन काड्याच तर आहेत. लागल्या तर लागल्या!” चोरून आणलेली फांदी हमखास जगते असंही आपल्याकडे म्हणतात, मला वाटतं, चोराला ती लगेच उघड्यावर लावायची हिंमत होत नाही, म्हणून जगत असावी. कारण या झाडांना नेमकी तेवढीच उसंत लागते.

फांदी तोडली की पाण्यात बुडवायची ही आपली जुनी खोड. मांसल फांदीला ती मारक आहे. तिची जखम आधी सुकू द्यायची. कलांचोची काडी दोन-तीन दिवस सावलीत नुसती पडू द्यावी, ब्रह्मकमळाचा जाड तुकडा आठवडाभर. कापलेल्या तोंडावर कोरडी खपली धरली की बुरशीला आत शिरायला वाट राहत नाही. मग मातीत खोचायचं, आणि पाणी? तेही लगेच नाही. फांदी थोडी सुरकुतते, आपल्याला कसंनुसं होतं, हात तांब्याकडे जातो. तो आवरायचा. घरी येणारी पाहुणी मंडळी मायेने कुंडीत पाणी घालून जातात आणि चांगल्या लागलेल्या फांद्या बुडापासून काळ्या पडतात. या झाडांना तहानेपेक्षा मायेनेच जास्त मारलं आहे.

मातीचंही तसंच. मराठवाड्याची काळी माती कापसाला सोनं. कुंडीत मात्र ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगडासारखी आवळते. त्यापेक्षा बांधकामावरचा मुरूम चाळून घ्यावा, त्यात विटांचा चुरा, थोडी जाड वाळू आणि मूठभर जुनं शेणखत मिसळावं. ज्या मुरमाला शेतकरी नावं ठेवतो, त्यात ही झाडं खुशाल पाय रोवतात.

ऑफिस टाइमला एवढेही सोपस्कार नकोत. बोटभर काडी मोडून खोचली की आठ-दहा दिवसांत धरते. मूळची ही दक्षिण अमेरिकेतली, आपल्या घोळीच्या भाजीची चुलत बहीण. सकाळी जालना रोडवर हॉर्नचा गजर टिपेला पोचतो, त्याच सुमाराला तिच्या राणी, पिवळ्या, केशरी पाकळ्या उघडतात. आभाळ भरून आलं की मात्र ती रजेवर.

कलांचोचा स्वभाव अगदी उलटा. मादागास्करच्या या झाडाला 1932 च्या सुमारास जर्मनीतल्या रॉबर्ट ब्लॉसफेल्ड यांनी बाजारात आणलं आणि ते जगभरच्या खिडक्यांत जाऊन बसलं. त्याला कळी धरायला लांबलचक, अखंड अंधाराच्या रात्री लागतात; रोज चौदा तासांच्या आसपास, आणि तेही काही आठवडे. आता चौकाच्या तोंडावरच्या गॅलरीत अंधार कुठून आणायचा? उड्डाणपुलाचे दिवे, पाट्यांचे दिवे, गाड्यांचे झोत. दर्शनी बाजूची कुंडी हिरवीगार राहते आणि फुलत नाही. तिच्याच फांदीपासून झालेली मागच्या बोळातली कुंडी दिवाळीनंतर कळ्यांनी भरते. चौकात 2022 मध्ये नव्याने उभारलेल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती शिवजयंतीला, 19 फेब्रुवारीला, माणसांचा समुद्र लोटतो, तेव्हा आमच्या बोळात ती लालभडक झालेली असते.

रात्रीशी या साऱ्यांचंच काही गूढ नातं आहे. इतर झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात. यातली बहुतेक सूर्य बुडाल्यावर, म्हणजे पाणी उडून जाणार नाही अशा वेळी. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून घेऊन तो वापरायचा. याचा एक जुना धागा आपल्याच देशातला आहे. दक्षिण भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने पानफुटीचं पान चाखून पाहिलं. सकाळी आंबट, दुपारी बेचव! त्याचं हे निरीक्षण 1815 मध्ये लंडनला छापून आलं. याच पानफुटीच्या पानाच्या कडेला फुटणाऱ्या पिल्लांवर जर्मन कवी गटे इतका लुब्ध होता की ती पानं तो मित्रांना पाठवत असे. म्हणजे काकूंची पुडी तशी थोर परंपरेतली.

ब्रह्मकमळ हे खरं तर मेक्सिकोकडचं निवडुंग, पण आमच्याकडे त्याचा थाट देवाचा. पावसाळ्यात कळी वर मान वळवू लागली की शेजारी निरोप जातो. रात्री नऊनंतर जिन्यात चपलांचा ढीग, कुंडीपुढे हळदकुंकू, उदबत्ती, मोबाइलचे फ्लॅश. पहाटेपर्यंत फूल मलूल. निघताना कुणीतरी हळूच विचारतंच, “एक पान मिळेल का?” एकाच झाडाचे तुकडे असे किती घरांत वाटले गेले असतील!

ही सगळी झाली परदेशी मंडळी. महाराष्ट्राची स्वतःचीही अशी एक फुलणारी मांसल वनस्पती आहे, शिंदळ माकुडी. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी 1860 च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया’ हे नाव दिलं. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या गडकोटांच्या कड्यांवर ती लटकते. पावसात पानं धरते, कोरड्या दिवसांत ती गाळून नुसत्या जाड खोडावर तग धरते. फूल चांदणीच्या आकाराचं, गडद तांबडं, वर पिवळे ठिपके. त्यावर माश्या येतात. शिवाजी महाराजांच्या जन्मगडावर वाढणारी ही वनस्पती आज नष्ट होण्याच्या काठावर आहे, आणि गंमत अशी की फांदीपासून ती सहज रुजते. कुंडीत सोपी, कड्यावर दुर्मीळ.

म्हणून एकच विनंती. शिवनेरी चढताना ती तांबडी चांदणी दिसली तर डोळे भरून पाहा, फोटो काढा, पण तोडू नका. घरी हवीच असेल तर ज्यांनी कुंडीत वाढवली आहे त्यांच्याकडे फांदी मागा, आणि लागली की तुमच्याकडूनही दोन काड्या पुढे जाऊ द्या.