पाणी कुठवर आलंय

रात्री तीन वाजता घरात किती आवाज असतात, हे मला ४७ वर्षं माहीत नव्हतं. फ्रिज दचकून गप्प होतो. वरच्या टाकीतून सुटलेला एखादा बुडबुडा पाइपातून घरंगळत खाली येतो. लांब द्वारका चौकात एखादा ट्रक गिअर बदलताना धाप टाकतो आणि मुंबई-आग्रा रस्ता पुन्हा पांघरूण ओढून घेतो. आणि या सगळ्यांच्या मागे, सगळ्यांहून बारीक, पितळी ताटाच्या काठावरून ओलं बोट फिरवत राहावं तसा एक स्वर चालू असतो. चढत नाही, उतरत नाही, श्वास घ्यायलाही थांबत नाही. पहिल्या रात्री मी त्याला शोधत घरभर फिरले. इन्व्हर्टर बंद केला, टीव्हीचा डबा काढला, पंखा थांबवला, शेवटी फ्रिजचंही बटण दाबलं. घर एकेक करत विझत गेलं. स्वर उरला.

तो घरात नव्हताच.

कानाच्या डॉक्टरांनी कानात उजेड पाडून पाहिलं आणि कान अगदी स्वच्छ असल्याचं सांगितलं. स्वच्छ कानाचं मी काय करू, हे विचारायचं राहून गेलं. मग पोटऱ्यांवर मुंग्या आल्या. पाय आखडून बसल्यावर येतात त्या नव्हेत. त्या आपल्या ओळखीच्या असतात, पाय झटकला की जातात. या खऱ्या मुंग्यांसारख्या, रांगेनं, घाई न करता, कुठूनतरी कुठेतरी निघालेल्या. दिवा लावून पाहावं तर कातडी कोरी. मी गादी उन्हात टाकली, चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या, कडुलिंबाचा पाला कोपऱ्यांत ठेवला. पुढे कळलं की वैद्यकात याला फॉर्मिकेशन म्हणतात, आणि लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगीच. हसू आलं. दूरच्या त्या कुठल्या भाषेतही कुणीतरी दिवा लावून कोरी कातडी पाहिली असणार.

मग जीभ. नाशिकमध्ये वाढलेल्या बाईची जीभ म्हणजे तशी निर्भय वस्तू. रविवारी सकाळी मिसळ, वर काळ्या मसाल्याची तर्री, पुन्हा मागून घेतलेला रस्सा, कपाळावर घाम आणि शेवटी तोंड निववायला जिलबी, हा आमचा कुळाचार. त्या जिभेला एका सकाळी साधा कोमट चहा भाजला. तिखट नव्हे, भाजला. पोळून दोन दिवस झाल्यावर जीभ जशी खरखरीत, परकी लागते, तशी ती महिनोन्‌महिने राहिली, आणि मागे तांब्याच्या पैशाची चव. मी आरशासमोर जीभ काढून उभी राहायचे. गुलाबी, शहाणी, निरागस जीभ. दंतवैद्यांनी हिरड्या पाहिल्या, एक दाढ उगाचच भरून दिली.

त्यानंतर उजवा खांदा धरला. फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात जाईना. आठवीच्या वर्गात मी फळ्याच्या अर्ध्यातून लिहायला सुरुवात करू लागले आणि वरचा अर्धा फळा रिकामा, काळा, आभाळासारखा माझ्या डोक्यावर राहू लागला. मुलांनी आधी विचारलं, मग विचारायचं सोडलं.

आणि शब्द. हे मात्र कुठल्याही डॉक्टरला सांगायची लाज वाटली. शब्दांवर पोट असलेली बाई मी. एका संध्याकाळी दूध वर यायला लागलं, मी हात पुढे केला, आणि त्या लोखंडी, दोन पायांच्या, रोज हातात असलेल्या वस्तूचं नाव माझ्या तोंडात येईना. "ते दे! ते धरायचं! ते हे!" मी लेकीवर ओरडले. दूध उतू गेलं. शेगडीवर करपल्याचा वास पसरला आणि त्या वासात मी उभी, डोळ्यांत पाणी, आणि लेक शांतपणे म्हणाली, "आई, सांडशी."

सांडशी. इतका ओबडधोबड शब्द, पण त्या दिवशी मला तो हरवलेल्या लेकरासारखा कडेवर घ्यावासा वाटला.

तर असं. कान एका दवाखान्यात, कातडी दुसऱ्या, जीभ तिसऱ्या, खांदा चौथ्या. प्रत्येक दारात मी माझा एकेक तुकडा घेऊन गेले आणि प्रत्येकानं आपापला तुकडा पुसून परत दिला. शेवटी एका डॉक्टरबाईंनी सगळ्या फायली टेबलावर पसरल्या, थायरॉइड, साखर, बी-१२ सगळं तपासून बाजूला ठेवलं, आणि पाळीबद्दल विचारलं. पाळी? ती येत होती की. कधी तीन महिन्यांनी, कधी पंधरवड्यात दोनदा, पण येत होती. म्हणून तिच्यावर मी संशयच घेतला नव्हता. त्या म्हणाल्या, जाण्याआधीची वर्षं ही अशीच असतात, चार, कधी आठ. आणि इस्ट्रोजेन म्हणजे काही फक्त गर्भाशयाचं पाणी नव्हे, ते मेंदूला, सांध्यांना, कातडीला, तोंडाच्या आतल्या अस्तराला, सगळ्यांना पुरतं. विहिरीचं पाणी हललं की सगळ्या पोहऱ्यांना कळतं. (पोहरे माझे, त्या बिचाऱ्या 'रिसेप्टर' म्हणाल्या होत्या.) सलग बारा महिने पाळी आली नाही की मग म्हणायचं, गेली. आपल्याकडे बहुतेकींची ती ४६-४७च्या आसपास जाते, पश्चिमेकडच्या बायकांच्या चारेक वर्षं आधीच.

रजोनिवृत्ती. बाहेर पडताना हा शब्द मी रिक्षात मनाशी म्हणून पाहिला. सेवानिवृत्तीचा धाकटा भाऊ. कुणीतरी नारळ आणि शाल देऊन निरोप देईल असा. मराठीनं पाळी येण्याला किती नावं दिली, न्हाण आलं, शहाणी झाली, बाजूला बसली, कावळा शिवला! त्या कावळ्याची तर लहानपणी मला खरीच भीती वाटायची. पण कावळा उडून जातो तेव्हा काय म्हणायचं, तो जाता जाता चार-आठ वर्षं घरावर घिरट्या घालतो त्याला काय म्हणायचं, हे भाषेनं कुठे लिहून ठेवलेलं नाही. जपानीत निदान खांद्याला नाव आहे: गोजूकाता, पन्नाशीचा खांदा. मार्गारेट लॉक या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जपानी बायकांशी बोलून १९९३ साली एक पुस्तक लिहिलं. त्या बायका अंगातून उठणाऱ्या वाफांविषयी फारसं बोलतच नव्हत्या, त्या बोलत होत्या आखडलेल्या खांद्यांविषयी, डोकेदुखीविषयी. ज्याला नाव असतं तेच दुखतं की काय, कोण जाणे. की ज्याला नाव असतं तेवढंच सांगता येतं?

निवृत्ती हे नाव मात्र आमच्या जिल्ह्याचं. त्र्यंबकला निवृत्तिनाथांची समाधी आहे, पौष वद्य एकादशीला दिंड्या तिकडे निघतात, थंडीत शाळेच्या फाटकासमोरून टाळ जातात. गोष्ट लहानपणापासूनची: ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा चालू होती, वाघ आडवा आला, सगळ्यांची पांगापांग झाली, आणि वाट चुकलेला निवृत्ती अंधारात एका गुहेत शिरला. तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. मी या गोष्टीत आजवर नेहमी गहिनीनाथांकडे पाहायचे. आता मी गुहेत शिरणाऱ्या त्या पोराकडे पाहते, मागे वाघ, पुढे काळोख, आणि आई-वडिलांना मारलेली हाक दगडाला आपटून परत येतेय. माझ्या गुहेत अजून कुणी गुरू भेटलेला नाही. फिजिओथेरपीवाली मुलगी तेवढी भेटली. तिनं बोटांनी भिंत चढायला शिकवलं; रोज सकाळी मी कोळ्यासारखी भिंतीवर बोटं चालवते आणि जिथवर पोचले तिथे पेन्सिलीनं रेघ मारते.

रेघा चढताहेत. बोटभर.

आणि नदीसुद्धा तिथलीच. ब्रह्मगिरीवर उगवते, दिसते न दिसते तोच लुप्त होते, गंगाद्वारला पुन्हा दिसते, पुन्हा नाहीशी. गौतम ऋषींनी अखेर दर्भ टाकून तिला अडवलं ते कुशावर्त. लहानपणी मला वाटायचं, एवढी मोठी नदी आणि लपंडाव काय खेळते! आजी म्हणायची, पावसाचं नवं गढूळ पाणी आलं की नदी रजस्वला असते, तेव्हा नहायचं नाही. आजीनं नदीची पाळी ठेवली होती. स्वतःची कधी गेली, ते आजीनं कुणाला सांगितलं असेल?

आम्ही नाशिकचे लोक आयुष्य सिंहस्थांनी मोजतो. १९९१च्या सिंहस्थात मी १३ वर्षांची, गर्दीत आईचं बोट धरून, आणि त्याच श्रावणात मला कावळा शिवला. २००३ला पोटुशी, म्हणून घाटावर जाऊ दिलं नाही. २०१५ला शाळेला सुट्ट्या आणि घरभर पाहुणे. २०२७ला मी ४९ची असेन. बारा-बारा वर्षांच्या या पायऱ्यांवरून माझं रक्त उतरत आलं. आता शेवटच्या पायरीशी ते घुटमळतंय.

गेल्या डिसेंबरात निफाडला मामेबहिणीकडे गेले होते. कडाका असा की पहाटे द्राक्षाचे मणी तडकतात, म्हणून बागांतून शेकोट्या पेटवतात, ठिबकनं पाणी सोडतात, सगळं शिवार धुरात आणि धुक्यात उभं राहतं. मी मात्र चारला उठून ओसरीवर, स्वेटर काढून, लालबुंद. ती शेकोटी ढोसत होती. माझ्याकडे वळून पाहिलं न पाहिलं आणि म्हणाली, "तू अशीच चार ओळी फिरून ये. लाकूड तरी वाचेल." आम्ही दोघी इतक्या हसलो की कुत्री भुंकायला लागली. तिलाही होतं ते. तिची जीभ नाही जळत, तिला वास येतात, नसलेल्या धुराचे. "शेकोटी नसतानाही येतो गं धूर," ती म्हणाली. "मी बागभर बघून येते."

नसलेला धूर. नसलेल्या मुंग्या. परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकलं आणि काचेच्या थरथरीत तो पितळी स्वर मिसळला, आणि एकाएकी मला मे महिना दिसला.

१९९४चा मे. दहावीची परीक्षा देऊन मी निकालाची वाट पाहत होते. आमचं घर भांडीबाजारातून घाटाकडे उतरणाऱ्या बोळात. दिवसभर तांब्या-पितळेवर हातोड्या पडायच्या, त्यामुळे रात्रीची शांतता आम्हांला बहिरी वाटायची. आई तेव्हा ४६ची. ती रात्री उठून न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसायची, पाय बादलीतल्या गार पाण्यात. पदर भिजवून मानेभोवती घ्यायची. जेवताना ताकानं तोंड खळखळायची, मिरचीला हात लावायची नाही. भांडं जरा वाजलं की उसळायची, इतकी, की वडील चपला घालून बाहेर निघून जायचे. आम्ही म्हणायचो, आईचा स्वभाव बदलला. आणि दोन-तीनदा तरी, अपरात्री, तिनं मला हलवून उठवलं होतं. "घंटा वाजतेय का गं?"

घंटा म्हणजे नारोशंकराची. पलीकडच्या काठावर १७४७ साली बांधलेलं देऊळ, त्यावर वसईच्या विजयाची ती भलीमोठी घंटा. पुराचं पाणी तिला लागलं की गाव गेलं, असं जुने लोक म्हणायचे. आई १९६८ला लग्न होऊन या बोळात आली आणि १९६९च्या पुरानं तिचा नवा संसार माळ्यावर चढवला. तेव्हा पुराची भीती खरी. पण मे महिन्यात? "जा, दुतोंड्या मारुती कुठवर बुडालाय बघून ये." मी डोळे चोळत जायचे. उन्हाळ्यातल्या गोदावरीच्या पात्रात चांदणं आणि शेवाळ. मारुतीच्या पावलांशी कुत्रं झोपलेलं. मी परत येऊन वैतागून सांगायचे, पाणी पायरीलासुद्धा नाही.

मी एसटीतून उतरले ती थेट भावाकडे गेले. आई गॅलरीत मेथी निवडत होती.

"आई, तेव्हा तुझ्या कानात वाजायचं?"

तिनं काडी मोडली. "अजूनही वाजतं कधीमधी."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"काय सांगू? मेमध्ये घंटा वाजते म्हणून?" तिनं पानं पाटीत टाकली. "तुझे वडील आधीच घाबरलेले. मला वाटलं, डोकं फिरायला लागलं आपलं. म्हणून तुला पाठवायचे. तू येऊन म्हणायचीस, पाणी नाही. एवढं ऐकलं की पडायचे."

आम्ही मेथी निवडत राहिलो. तिची बोटं माझ्यापेक्षा भरभर चालत होती.

माझ्या उशाशी आता पंखा सर्वांत हळू फिरतो, हिवाळ्यातही. त्याच्या घरघरीत तो स्वर थोडा बुडतो. जिभेसाठी सब्जा, थंड दूध. डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्यांचं बरं-वाईट समजावून सांगितलंय, पुढच्या भेटीत ठरवू. काही रात्री सलग झोप लागते. काही रात्री नाही.

परवा नाहीच लागली. तीन वाजले होते. लेकीच्या खोलीत दिवा होता, परीक्षेचा अभ्यास. मी दारात उभी राहिले.

"बघ गं जरा, पाणी कुठवर आलंय."

"कसलं पाणी?" तिनं पुस्तकातून वर पाहिलं. "आई, जानेवारी आहे. नदी लांब आहे. पाणीबिणी काही नाही."

"पायरीलासुद्धा नाही?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठली, खिडकीशी गेली, पडदा सारून खालच्या रिकाम्या रस्त्यावर खरोखर वाकून पाहिलं.

"पायरीलासुद्धा नाही," ती म्हणाली.