किरकोळ खर्च



गेल्या महिन्यात आमच्या ओसरीवर युवा मंडळाची बैठक झाली. बैठक म्हणजे काय, माझी नात, तिचे दोन चुलत भाऊ, अमरावतीहून आलेली आठ-दहा मुलंमुली आणि मोठं माणूस हवं म्हणून मंडळाचे एक काकाजी. सप्टेंबरच्या शेवटी सीना नदीच्या पुराने धाराशिव-सोलापूरकडची गावं पाण्याखाली गेली, जमिनी खरडून गेल्या, दावणीला बांधलेली जनावरं तिथेच मेली, हे तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंच असेल. मुलं परांड्याकडच्या एका गावी मदत घेऊन जाणार होती. पोहे होईपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग किटमध्ये काय घालायचं त्याची यादी निघाली आणि गाडी कांद्यावर अडली.

नातीने शहाणपणा केला होता. तिने आधीच त्या गावच्या सरपंचांना फोन करून काय हवं ते विचारून घेतलं होतं. जनावरांना चारा, पोरांना वह्या-दप्तरं, ताडपत्र्या, तूरडाळ, तेल, तिखट-मीठ, आणि शेवटी कांदे-बटाटे. काकाजी म्हणाले, बाकी सगळं घ्या, कांदे-बटाटे मंडळाच्या पैशातून येणार नाहीत. एक मुलगा म्हणाला, "काकाजी, आपण कुठे खातोय? ते लोक तर रोजच खातात." काकाजींनी शांतपणे समजावलं की पाप नुसतं आपण करण्याने लागत नाही. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, केलेल्याला बरं म्हटलं, तिन्ही सारखंच. शास्त्राच्या दृष्टीने काकाजींचं काहीच चुकत नव्हतं.

"आजी, तू सांग ना. तू किल्लारीला गेली होतीस ना?" नातीने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, चहा उकळतोय, आणि आत निघून गेले. चहा काही उकळत नव्हता.

त्या दिवशी जे सांगितलं नाही ते आज लिहिते आहे. बत्तीस वर्षं झाली.

१९९३ साली आपलं दशलक्षण पर्व अनंत चतुर्दशीला, २९ सप्टेंबरला संपलं. सासूबाईंचे दहाही उपवास झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं. मी मुगाचं पाणी गाळून वाटीत घेतलं होतं, घरातले सगळे भोवती बसले होते, आणि रेडिओवर बातम्या लागल्या. लातूर-उस्मानाबादकडे पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला होता. रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. सासूबाईंनी तोंडाजवळ नेलेली वाटी खाली ठेवली. आम्ही खूप आग्रह केला तेव्हा दुपारी कुठे त्यांनी दोन घोट घेतले.

पुढचे दिवस आकडा वाढतच गेला. शेवटी सुमारे १० हजार माणसं गेली असं कळलं. तिथली घरं दगडमातीची, भिंती हातभर रुंद आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार राहणारी घरं. तीच अंगावर आली. आणि नंतर पाऊसही लागला.

आमच्याकडे क्षमावाणीच्या दिवशीच ठरलं की मंडळाने जायचं. माझे धाकटे दीर पुढे होते. चौदा तरुण, आणि स्वयंपाकाला चार बायका हव्यात. माझी मुलं तेव्हा नऊ आणि सहा वर्षांची. मला वाटलं सासूबाई नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "जाय तू. लेकराईची काळजी नोको करू." मी बी.कॉम. आहे हे आमच्या घरात फक्त हिशोबाच्या वेळी आठवतं, तेव्हाही आठवलं. वर्गणीची वही माझ्याकडे आली. लाल कापडी पुठ्ठ्याची, उभ्या रेघांची. कोणी किती दिले, कशावर किती गेले, सगळं मी लिहायचं.

वर्गणी चांगली जमली. कपडे त्याहून जास्त जमले. तेवीस गाठोडी मी स्वतः मोजली. खरं सांगते, त्यात माझ्याही चार साड्या होत्या. नायलॉनच्या, रंग उडालेल्या, भांडीवाली घेईना म्हणून पडून राहिलेल्या. वहीत मात्र "साड्या ४" असं ऐटीत लिहिलं.

मेटॅडोर आणि एक ट्रक घेऊन निघालो. कारंजाला दर्शन घेतलं, मग वाशिम, हिंगोली, नांदेड, लातूर. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रवास. औशाच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपडे दिसायला लागले. आधी मला कळेचना. काटेरी झुडपांवर, चिखलात, बांधावर. कोट, पँटी, फ्रॉक, साड्या. ट्रकांतून लोकांनी टाकलेले, आणि कोणी न उचललेले. दीर ड्रायव्हरशेजारी बसले होते. ते मागे वळून एवढंच म्हणाले, "वहिनी, गाठोडी उतरवू नका." तिथल्या म्हाताऱ्या बायका नऊवारी लुगडं नेसणाऱ्या. त्यांना पाचवारी नायलॉन काय कामाची? ती तेवीसच्या तेवीस गाठोडी आमच्याबरोबर परत आली. येतानाचं भाडंही मीच वहीत लिहिलं.

आमचा मुक्काम सास्तूरच्या बाजूला एका गावाबाहेर होता. गाव म्हणजे दगडांचा ढीग. लोक शेतात, ताडपत्र्यांखाली. बारा-तेरा दिवस झाले होते तरी हवेत वास होता, आणि सगळीकडे पांढरी पावडर मारलेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आम्ही चूल मांडली. पाणी गाळून, सगळं आपल्या पद्धतीने. पुरी, बटाट्याशिवाय रस्सा, भात, शिरा. लग्नाच्या पंगतीला करतो तसं. पहिल्याच दिवशी एक चूक झाली. सूर्यास्ताच्या आत जेवायचं म्हणून आमची पोरं साडेपाचला ताटं वाढून बसली, आणि समोर गावकऱ्यांची रांग उभी. दीर एवढे चिडले की त्यांनी वाढलेली ताटं उचलून रांगेत नेऊन दिली. दुसऱ्या दिवसापासून आधी रांग, मग वेळ उरला तर आम्ही. दोन संध्याकाळी आम्ही उपाशीच राहिलो. त्याचं कोणाला फार वाटलं नाही. दशलक्षणाची सवय होती.

त्या रांगेत एक बाई यायची. साठीची असेल, म्हणजे आजच्या माझ्यापेक्षा लहानच. तिच्या घरातलं कोण कोण गेलं ते मी विचारलं नाही, शेजारचीने बोटं दाखवून सांगितलं. पाच बोटं. ही बाई पुरी घ्यायची, बसायची, एक तुकडा तोंडात ठेवायची आणि तो तसाच ठेवून समोर बघत राहायची. शेजारीण म्हणाली, इतक्या दिवसांत ही कोणाशी बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी मी वाढायला वाकले तर ती बोलली. "माय, कांदा हाय का एखादा? तोंडाला चवच न्हाई बग."

आणि मी म्हणाले, "आमच्यात नसतो."

तिने मान हलवली. "बरं माय." एवढंच. मी पुढच्या ताटाकडे गेले.

मला वाटत होतं मी नियम पाळला. त्या रात्री झोप आली नाही तेव्हा लक्षात आलं की मी तिला उत्तरसुद्धा धड दिलं नव्हतं. "आणून देते" नाही, "बघते" नाही. ज्या बाईने तेरा दिवसांत पहिल्यांदा काही मागितलं, तिला मी माझ्या स्वयंपाकघराचा कायदा ऐकवला.

सकाळी बायकांमध्ये जाऊन बसले, आणि पहिल्यांदाच विचारलं की तुम्हाला हवं काय. हेच पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं. त्यांनी सांगितलं, ज्वारी मिळाली आहे पण भाकरी करायला तवा नाही, काठवट नाही. तुमची पुरी रोज कशी खावी? त्यांचं खरंच होतं. तेल-साखरेचं आमचं जेवण, आणि आयुष्यभर भाकरी खाल्लेली माणसं. दीर लगेच उमरग्याच्या बाजाराला निघाले. तवे ४०, पराती ४०, कंदील, रॉकेल. त्यांच्या हातात यादी देताना मी हळूच म्हटलं, "भाऊजी, दहा किलो कांदे पण." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही.

संध्याकाळी सामान आलं. मी पदराखाली दोन कांदे घेऊन त्या बाईला शोधायला गेले. तिचा भाऊ येऊन तिला दुपारी घेऊन गेला होता. कुठल्या गावी, कोणाला नीट सांगता आलं नाही. कांदे बाकीच्यांना वाटले. त्या दिवशी ताडपत्र्यांपुढे तीन-तीन दगडांच्या चुली पेटल्या आणि भाकरी थापल्याचा आवाज आला. आमच्या चुलीकडे फारसं कोणी आलंच नाही. आमच्या एका मुलाला त्याचं वाईट वाटलं. मला हायसं वाटलं.

आता वहीचं. कांदे वहीत कसे लिहायचे? मंडळात काकाजींसारखीच मोठी माणसं होती (हे काकाजी तेव्हा आमच्या त्या चौदा पोरांत होते, हेही सांगून टाकते). मी दोनदा पेन उचललं. शेवटी लिहिलं, "किरकोळ खर्च", आणि पुढे रक्कम. परत आल्यावर सभेत हिशोब वाचला गेला. एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "हा किरकोळ खर्च कसला?" मी म्हटलं, "दोरी, काडेपेट्या." ते खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, सून शिकलेली असली की हिशोब असा पैशापैशाचा राहतो. टाळ्या वाजल्या. उत्तम सत्यधर्माची पूजा करून महिनाही झाला नव्हता.

दरवर्षी क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागते. जावांची, शेजारणींची, भांडीवालीची. ही गोष्ट कधी तोंडातून निघाली नाही. कांदे घेतल्याची नाही म्हणत मी. दोरी आणि काडेपेट्यांची.

त्याच भूकंपात आपल्या समाजाने केलेलं एक काम मला नेहमी आठवतं. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी त्या गावांतली १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढे वाघोलीला त्यांच्यासाठी शाळा आणि वसतिगृह उभं राहिलं. एकदोन महिने नाही, मुलं शिकून बाहेर पडेपर्यंतची जबाबदारी घेतली. नंतर आमच्या अमरावती जिल्ह्यातली, मेळघाटातली आदिवासी मुलंही तिथे शिकली. आपल्याकडे दान चार प्रकारचं सांगितलं आहे, आहार, औषध, ज्ञान आणि अभय. आम्ही पहिल्यावरच अडखळलो होतो, तेही पुरी की भाकरी यावर. माझ्या मनात कित्येकदा आलं की १२०० मुलं वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांना रोज असे किती प्रश्न पडले असतील. मुलांना घरचं काय आठवत असेल, काय मागत असतील. माझ्याकडे तर एका बाईचा एकच प्रश्न होता.

तर बैठकीकडे येते. चार दिवसांनी मी काकाजींना फोन करून घरी बोलावलं. ती लाल वही माळ्यावरून काढली, धूळ झटकली आणि ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. ते बराच वेळ वहीकडे बघत होते. मग म्हणाले, "वहिनी, मला माहीत होतं. ट्रकमधून पोतं मीच उतरवलं होतं." मी काय बोलणार! बत्तीस वर्षं हा माणूस गप्प होता, आणि मला वाटत होतं मी लपवलं.

त्यांचं मत मात्र बदललं नाही. मंडळाच्या पैशातून कांदे नाहीतच. मीही जोर केला नाही. वर्गणी देणाऱ्यांत व्रती माणसं आहेत, त्यांच्या पैशाचं त्यांना न विचारता काय करायचं, हाही प्रश्न आहेच. (आमचा मुलगा बाहेर काय खातो ते मी विचारत नाही, ते वेगळं.) कांद्याचे पैसे मी माझ्या साठवणीतून दिले. पाप लागायचं ते माझ्या नावावर लागू दे. सरपंचांना नातीने कळवलं, त्यांनी तिकडच्याच बाजारातून घेतले, म्हणजे ट्रकचा प्रश्नच आला नाही. चारा मात्र मंडळाने भरपूर दिला. त्यावर कोणाचं दुमत नव्हतं, काकाजींचं तर नाहीच. जुने कपडे एकही नाही. त्याबाबत मी हट्टच धरला.

नात आता हिशोब मोबाईलवर ठेवते. तिने मला विचारलं, "आजी, तुझे पैसे कशाखाली टाकू?" मी म्हटलं, कांदे लिही. तिने लिहिलं, "कांदे, ५० किलो, आजीकडून." मग काकाजींनी तो हिशोब ग्रुपवर टाकला, आहे तसा. अजून कोणी काही बोललेलं नाही. दोघीतिघींनी नुसते हात जोडलेले पाठवलेत, ते कशासाठी कळत नाही.

साडेपाच होत आले. गवार निवडून ठेवली आहे, सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची आहेत. थांबते.

जय जिनेंद्र.