एलएल.एम.चा जमाखर्च

‘स्वस्त नि मस्त एलएल.एम. कोठे करावे’ या विषयावर निवृत्त विधि-अध्यापकाने सामान्य वाचकास समजेल असे काही लिहावे, असा संपादकांचा तगादा आला, तेव्हा शीर्षकातून ‘मस्त’ हा शब्द वगळण्याच्या शर्तीवर मी तो मान्य केला. ‘स्वस्त’ शब्दाविषयीही माझी तक्रार होतीच, पण ती सांगण्यासाठी एक हिशेब उलगडावा लागतो, आणि तो हिशेब माझ्याच हस्ताक्षरातला असल्यामुळे लेखणी जरा अडखळते.

मी बेशास घर बांधले तेव्हा नागपूर येथून बरेच दूर वाटे. आता शहरच अंगणापर्यंत आले आहे, आणि त्याबरोबर सल्ला विचारणारेही. त्यांपैकी बहुतेकांची समजूत अशी, की एलएल.बी. हा वकील आणि एलएल.एम. हा मोठा वकील. वस्तुतः वकिलीची सनद एलएल.बी.वर मिळते, एलएल.एम. लागते ती अध्यापनास, नेट-सेट परीक्षेस आणि पुढील संशोधनास. न्यायाधीश होण्याचा तो जवळचा मार्ग आहे, असे मानणाऱ्यांनी २० मे २०२५चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय वाचावा. त्याने दिवाणी न्यायाधीशाच्या प्रवेशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली आहे. हे सर्व सांगून झाल्यावरही समोरचा गृहस्थ विचारतोच, “पण सर, एलएल.एम.नं वजन तर पडते ना?”

२०२१च्या आरंभी घोगली रस्त्यावरच्या एका हार्डवेअर दुकानदाराची कन्या माझ्याकडे आली. तिच्याजवळ दोन माहितीपत्रके होती आणि कागद नसल्यामुळे वडिलांचे बिलबुक होते. त्याच्या एका पानाच्या पाठीवर मी उभ्या रेघा ओढून रकाने पाडले: फी, वसतिगृह, खानावळ, जाणे-येणे, मुदत. एका बाजूस राष्ट्रीय विधि विद्यापीठाचा एकवर्षीय अभ्यासक्रम, ज्याच्या प्रवेशासाठी १२० वस्तुनिष्ठ प्रश्नांची क्लॅट परीक्षा आणि ज्याची फी लाखांच्या घरात. दुसऱ्या बाजूस एका जुन्या विद्यापीठाचा द्विवर्षीय अभ्यासक्रम, ज्याची फी हजारांत. मी दुसऱ्या बाजूस खूण केली.

ती खूण केवळ फीकडे पाहून केलेली नव्हती, आणि येथे मला वादात शिरणे भाग आहे. (वाचकांनी कंटाळा आल्यास हा परिच्छेद ओलांडावा, माझे विद्यार्थी ओलांडीतच असत.) २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एकवर्षीय एलएल.एम.ला वाट करून दिली: २४ श्रेयांक, तीन अनिवार्य विषय, वैकल्पिक विषय आणि प्रबंध, सारे बारा महिन्यांत. माझा त्यास प्रथमपासून विरोध होता. कारण ज्याने केशवानंद भारतीचा घटनाविषयक निकाल पुस्तकाच्या तळटिपेतच पाहिला आहे, तो विद्यार्थी तुलनात्मक सार्वजनिक विधीचा अभ्यास एका सत्रात उरकतो, याचा अर्थ तो तळटिपाच तेवढ्या वाढवितो. म्हणून जानेवारी २०२१मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नियम काढून एकवर्षीय पदवी बंद करण्याचे ठरविले, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. आता ज्या पदवीचा सनदेशी संबंधच नाही, तिच्यावर कौन्सिलचा अधिकार चालतो काय? १९६१च्या वकील अधिनियमाचे सातवे कलम विद्यापीठांशी विचारविनिमय करून विधिशिक्षणाचे मानदंड ठरविण्याचे काम कौन्सिलकडे सोपविते. त्यातील ‘विधिशिक्षण’ या शब्दात पदव्युत्तर शिक्षण येते किंवा कसे, यावर मी त्या काळी शेजाऱ्यांनाही व्याख्याने दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०२१-२२साठी हे नियम अमलात आणणार नाही, असे कौन्सिलनेच तेथे सांगितले. एकवर्षीय अभ्यासक्रम आजही सुखेनैव चालू आहेत.

मुलीने मात्र माझी खूण प्रमाण मानली होती. निघताना तिने एवढेच विचारले होते, “सर, दोन वर्षं म्हणजे दोनच ना?” महामारीने लांबलेल्या परीक्षा, त्यामागून रेंगाळलेले निकाल, फेरतपासणीचा एक अर्ज, असे करता करता पदवी हाती येण्यास तिसरे वर्ष सरत आले. तिची मैत्रीण दरम्यान एका वर्षात पदवी घेऊन, नेट उत्तीर्ण होऊन, तासिका तत्त्वावर का होईना, शिकवू लागली होती. फीच्या रकान्यात मी जे वाचविले, ते मुदतीच्या रकान्यातून वसूल झाले. मुलीने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते.

माझे मत मात्र अद्याप बदललेले नाही, हेही कबूल करतो. पदवीचा दर्जा इमारतीवरून वा जाहिरातीवरून कळत नाही. ग्रंथालयात जाऊन मागील चार-पाच वर्षांचे प्रबंध मागावेत, एकाचे मधले प्रकरण वाचावे, आणि मार्गदर्शकाने ते वाचले होते काय याचा अदमास घ्यावा. न्यायमूर्ती हिदायतुल्ला १९३५ ते १९४३ या काळात वकिली सांभाळून नागपूरच्या विधि महाविद्यालयात शिकवीत. अर्धवेळ शिक्षक म्हणजे वाईटच असे नव्हे, तरी आज किती पदे पूर्णवेळ भरलेली आहेत आणि किती तासिकांवर भागते, हे प्रवेशापूर्वी निःसंकोच विचारावे. शिष्यवृत्तीस पात्र असणाऱ्याने शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्जाची मुदत पाळावी. माझ्या परिचयातील कित्येकांनी ती केवळ उत्पन्नाच्या दाखल्यापायी हुकविली आहे.

आणि घरबसल्या, शनिवार-रविवारी मिळणारी पदवी? फीच्या रकान्यात ती सर्वांवर मात करते. परंतु जून २०२५मध्ये बार कौन्सिलने दूरस्थ, ऑनलाइन आणि ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हणविणाऱ्या विनामान्यता एलएल.एम.विषयी जाहीर ताकीद दिली आहे. अध्यापकाच्या पदासाठी दस्तऐवज तपासणारा कारकून असल्या कागदाकडे कसा पाहतो, ते मी निवड समितीच्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिले आहे. तो काही बोलत नाही. कागद उलटा करून मागची बाजू पाहतो.

गेल्या महिन्यात त्या मुलीचा धाकटा भाऊ आला. एलएल.बी.चे शेवटचे वर्ष, हातात तेच बिलबुक, म्हणजे नवे, पण त्याच दुकानाचे. बहिणीने पाठविले काय, असे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही. वर्धा मार्गाने बुटीबोरीकडे वारंग्यास असलेल्या राष्ट्रीय विधि विद्यापीठाचा एक रकाना पाडला, आपल्या विद्यापीठाचा एक पाडला, बेशाहून दोन्हीकडचे बसभाडे मांडले, खानावळ मांडली. मुदतीच्या रकान्याशी आलो तेव्हा शाईचे पेन खाली ठेवले आणि त्याच्याजवळची पेन्सिल मागून घेतली.